दाचा म्हणजे दिलेलं घर : कोमारोवो गावाची गोष्ट

रशियन भाषेत 'दात्' म्हणजे देणं. त्यावरून आलेला 'दाचा' हा शब्द म्हणजे मुळात 'दिलेली गोष्ट'. आपल्याकडे दान, दाता, दत्त हे शब्द ज्या 'दा' धातूपासून आले, त्याच्याच कुळातला हा शब्द. आज रशियात दाचा म्हटलं की शहराबाहेरचं लाकडी घर, काचेच्या तावदानांचा व्हरांडा, मागे बटाट्याचे वाफे आणि उन्हाळाभर मुक्कामाला आलेली आजी असं चित्र डोळ्यासमोर येतं. सुरुवातीला मात्र या शब्दात घर नव्हतं, जमीन होती, आणि तीही राजाने दिलेली. पीटर द ग्रेटने 1703 मध्ये सेंट पीटर्सबर्ग वसवायला घेतलं आणि काही वर्षांतच पीटरहोफ राजवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्याकडेच्या जमिनीचे पट्टे दरबारी मंडळींना वाटले. तिथे घर बांधायचं, बाग लावायची आणि रस्त्याला शोभा आणायची, अशी अपेक्षा होती.

हा शब्द आधी समजावून सांगितला, कारण ज्या गावाबद्दल लिहायचं आहे त्याचा सगळा इतिहास देण्याघेण्याचा आहे. कुणी कुणाला काय दिलं, आणि दिलेलं कधी काढून घेतलं, एवढे दोन प्रश्न धरून ठेवले की गाव उलगडत जातं.

गावाचं नाव कोमारोवो. सेंट पीटर्सबर्गच्या वायव्येला सुमारे 45 किलोमीटरवर, फिनलंडच्या आखाताच्या उत्तर किनाऱ्यावर पाइनच्या जंगलात ते वसलं आहे. कायमची वस्ती हजारभराच्या आसपास. एवढं दूर असूनही कागदोपत्री ते सेंट पीटर्सबर्ग शहरातच मोडतं, कारण हा सगळा किनारा शहराच्या 'कुरोर्तनी' जिल्ह्यात येतो. 'कुरोर्त' म्हणजे हवापालटाचं ठिकाण. रशियन कागदपत्रांत अशा वस्तीला 'पोस्योलोक' म्हणतात. ती खेड्याहून मोठी, पण शहर म्हणावं इतकी नाही. आपण तिला सरळ गाव म्हणू.

तिथे जायचं तर पीटर्सबर्गच्या फिनलंड स्टेशनवरून लोकल पकडायची. हे तेच स्टेशन, जिथे एप्रिल 1917 मध्ये लेनिन परदेशातून येऊन उतरला. लोकलला तिकडे 'एलेक्त्रीच्का' म्हणतात. तासाभराच्या प्रवासात उंच इमारती मागे पडतात, बर्च आणि पाइन सुरू होतात, आणि शेवटी सोल्नेच्नोये, रेपिनो, कोमारोवो, झेलेनोगोर्स्क ही स्टेशनं ओळीने येतात. नावं अस्सल रशियन वाटतात, पण यातलं एकही नाव 1948 च्या आधीचं नाही. त्यापूर्वी हीच स्टेशनं ओल्लिला, कुओक्काला, केल्लोमॅकी आणि तेरियोकी होती. चारही नावं फिनिश.

'केल्लो' म्हणजे घंटा, 'मॅकी' म्हणजे टेकडी. सेंट पीटर्सबर्गहून फिनलंडकडे जाणारा लोहमार्ग 1870 मध्ये सुरू झाला. मार्ग टाकताना इथल्या वाळूच्या टेकडीवर एक घंटा टांगलेली होती, मजुरांना जेवणाची वेळ झाली की ती वाजायची आणि त्यावरून टेकडीला घंटाटेकडी म्हणू लागले, असं सांगतात. मला ही गोष्ट फार आवडते. बहुतेक गावांच्या नावामागे एखादा राजा, देव नाहीतर लढाई असते. इथे घमेली खाली ठेवून भाकरतुकड्याला बसणाऱ्या माणसांची हाक नावात राहिली होती. जंगलात लांबवर पसरलेल्या टोळ्यांना एकाच वेळी बोलवायचं तर उंचावरची घंटाच हवी. केल्लोमॅकीला स्वतःचं स्टेशन मिळालं 1903 मध्ये, आणि मग इथे दाच्यांची रांग लागली.

यात समजून घ्यायची गोष्ट अशी की सेंट पीटर्सबर्गचे लोक उन्हाळ्याला इथे येत होते तेव्हा ते एका अर्थाने दुसऱ्या देशात येत होते. इथे जरा मागे जावं लागेल.

फिनलंडचं आखात आणि लादोगा सरोवर यांच्या मधल्या जमिनीच्या पट्ट्याला कारेलियन संयोगभूमी म्हणतात. हा पट्टा स्वीडनच्या ताब्यात होता. मोठ्या युद्धानंतर 1721 च्या तहात तो रशियाला मिळाला. पुढे 1809 मध्ये रशियाने उरलेलं फिनलंडही स्वीडनकडून घेतलं, पण त्याला वेगळा दर्जा दिला. रशियाचा झार तिथे 'ग्रँड ड्यूक' म्हणून राज्य करणार, पण कायदे, कारभार आणि धर्म फिनलंडचे स्वतःचे राहणार, असा तो दर्जा होता. पुढे तिथे मार्क हे स्वतःचं नाणंही आलं. मग 1812 मध्ये झार अलेक्झांडर पहिला याने उदार मनाने एक काम केलं. आधीच रशियात असलेला, या संयोगभूमीचा बराचसा भाग ज्यात येतो तो व्हिबोर्गचा सगळा प्रांत त्याने या फिनलंडला जोडून दिला. दोन्ही प्रदेश त्याचेच होते, त्यामुळे त्याच्या दृष्टीने एका खिशातलं दुसऱ्या खिशात गेलं. पण त्या एका सहीने फिनलंडची हद्द सेस्त्रा नावाच्या छोट्याशा नदीपर्यंत, म्हणजे साम्राज्याच्या राजधानीपासून तीसेक किलोमीटरवर येऊन ठेपली.

शंभर वर्षं याचं कुणाला काही वाटलं नाही, उलट सोयच झाली. गाडी बेलोओस्त्रोव स्टेशनवर नदी ओलांडायची, जकातवाले सामान बघायचे आणि उतारू पुढे जायचे. पलीकडे दिनदर्शिकाही वेगळी. रशियात जुनी ज्युलियन चालायची, फिनलंडमध्ये ग्रेगोरियन, आणि विसाव्या शतकात दोन्हींत 13 दिवसांचं अंतर होतं. म्हणजे सकाळी घरून निघालेला माणूस तासाभरात तेरा दिवस पुढे पोचायचा. रशियन पोलिसांचे हात इथे तितके पोचत नसत, म्हणून क्रांतिकारकही याच किनाऱ्याला यायचे. लेनिन 1906-07 मध्ये शेजारच्या कुओक्कालात राहिला. त्याच कुओक्कालात चित्रकार इल्या रेपिनने 'पेनाती' नावाचं घर बांधलं होतं. आज त्या गावाला रेपिनो म्हणतात ते त्याच्यामुळे. पीटर्सबर्गचे डॉक्टर, वकील, इंजिनियर, व्यापारी, प्राध्यापक मेच्या अखेरीस भांडीकुंडी, गाद्या, पियानोसुद्धा बांधून गाडीत चढवायचे आणि सप्टेंबरात परत न्यायचे. कामावर जाणारे कर्ते पुरुष रोज किंवा शनिवारी ये-जा करायचे. चहूकडे समुद्राचं वारं, पाइनचा वास, आणि जून महिन्यात रात्री अकरालासुद्धा दिवा लावावा लागत नाही एवढा उजेड.

मग 1917 आलं. रशियात क्रांती झाली, 6 डिसेंबरला फिनलंडने स्वातंत्र्य जाहीर केलं आणि पुढच्या वर्षी सरहद्द बंद झाली. अलेक्झांडरने 1812 मध्ये ओढलेली कारभारी रेष आता दोन देशांमधली काटेरी सीमा बनली. इकडच्या काठावर हजारो दाचा, तिकडच्या काठावर त्यांचे मालक. ज्यांनी आदल्या सप्टेंबरात दाराला कुलूप लावलं होतं, त्यातल्या बहुतेकांना ते कुलूप परत उघडायला मिळालं नाही. रेपिन मात्र पेनातीतच राहिला आणि म्हणून काहीही न करता परदेशात गेला. तो 1930 मध्ये तिथेच वारला. केल्लोमॅकीतल्या बेवारस दाचा हळूहळू विकल्या गेल्या. लाकडी घर सुटं करता येतं, ओंडक्यांवर आकडे टाकून गाडीत चढवता येतं. अशी कितीतरी घरं उकलून फिनलंडमध्ये दुसरीकडे नेऊन उभी केली. जागेवर राहिली दगडी जोती, जिने आणि बागेतली कारंजी. आजही गावाच्या खालच्या अंगाला, समुद्राकडच्या उतारावर झाडीत अशा जुन्या बागांचे अवशेष सापडतात.

हा उतार गावाचं वैशिष्ट्य आहे, म्हणून दोन शब्द त्याच्याबद्दल. हिमयुग संपल्यावर बाल्टिकच्या जागी जो समुद्र होता त्याला भूगर्भशास्त्रज्ञ लिटोरिना समुद्र म्हणतात. लिटोरिना ही एक छोटी समुद्री गोगलगाय, तिचे शंख त्या थरांत सापडतात म्हणून हे नाव. सातेक हजार वर्षांपूर्वी त्याचं पाणी आजच्यापेक्षा वर होतं आणि लाटांनी काठ कापून एक उंच कडा तयार केला. पाणी मागे हटलं, कडा राहिला. वर सपाटीवर गाव आणि स्टेशन, खाली जुन्या समुद्रतळावर ओलसर स्प्रूसचं जंगल, त्यापलीकडे किनाऱ्याचा रस्ता आणि वाळू. या जंगलाला 1992 पासून 'कोमारोवोचा किनारा' म्हणून संरक्षण आहे. त्यामुळे सेंट पीटर्सबर्गच्या इतक्या जवळ असूनही समुद्र आणि गाव यांच्यामध्ये बंगल्यांची भिंत उभी राहिलेली नाही.

पुन्हा सरहद्दीकडे येऊ. लेनिनग्राडपासून (सोव्हिएत काळात सेंट पीटर्सबर्गचं हे नाव होतं) तोफेच्या टप्प्यावर परकी सीमा आहे, ती मागे सरकवा, असा स्टालिनचा 1939 मधला आग्रह होता. फिनलंडने नकार दिला. 30 नोव्हेंबर 1939 ला सोव्हिएत फौजा सेस्त्रा नदी ओलांडून आत आल्या. पहिला मारा याच किनाऱ्यावरच्या गावांवर आला. दुसऱ्याच दिवशी शेजारच्या तेरियोकीत मॉस्कोने फिनलंडचं एक 'जनसरकार'ही बसवलं, ज्याला फिन लोकांनी कधी आपलं मानलं नाही. मार्च 1940 च्या तहात सगळी संयोगभूमी सोव्हिएत संघाकडे गेली. 1941 मध्ये जर्मनीच्या बाजूने युद्धात उतरलेल्या फिनलंडने ती परत घेतली आणि त्यांची आघाडी जुन्या सरहद्दीच्या आसपास येऊन थांबली, तेव्हा लेनिनग्राड वेढ्यात उपाशी मरत होतं. जून 1944 मध्ये सोव्हिएत सैन्याने ती शेवटची जिंकली. या सगळ्यात गमावलेल्या प्रदेशातले 4 लाखांहून जास्त लोक घरदार सोडून उरलेल्या फिनलंडमध्ये गेले. त्यांतल्या कित्येकांनी 1939 ते 1944 या पाच वर्षांत दोनदा गाव सोडलं, एकदा परत येऊन चूल पेटवली आणि पुन्हा विझवून निघाले.

माणसं गेल्यावर नावंही गेली. 1948 मध्ये संयोगभूमीवरची जवळजवळ सगळी फिनिश नावं पुसून रशियन दिली गेली. केल्लोमॅकीला नाव मिळालं व्लादिमीर कोमारोव यांचं. ते वनस्पतिशास्त्रज्ञ. तरुणपणी मंचुरिया आणि कोरिया, पुढे कामचात्का असे लांबलांबचे प्रदेश तुडवून त्यांनी तिथल्या झाडाझुडपांची नोंद केली. सोव्हिएत संघातल्या सगळ्या वनस्पतींची माहिती देणाऱ्या 30 खंडांच्या ग्रंथाचं काम त्यांनी सुरू करून दिलं. 1936 ते 1945 ते सोव्हिएत विज्ञान अकादमीचे अध्यक्ष होते. मोठा माणूस, यात शंकाच नाही, पण हे काही त्यांचं गाव नव्हे. 'कोमार' म्हणजे रशियनमध्ये डास, आणि जूनमध्ये इथल्या ओल्या जंगलात शिरलेल्या नवख्याला गावाचं नाव त्यावरूनच पडलं असणार असं वाटतं. तसं मुळीच नाही.

मग अकादमीच्या अध्यक्षांचं नाव का? कारण गाव आता अकादमीच्या लोकांना दिलं जात होतं. युद्ध संपल्यावर, ऑक्टोबर 1945 मध्ये स्टालिनच्या सहीचा एक हुकूम निघाला : अकादमीच्या सदस्यांसाठी मॉस्को आणि लेनिनग्राडजवळ दाचा बांधून त्यांना मालकी हक्काने द्या. अणुबॉम्बचा तो काळ. शास्त्रज्ञ खूश राहिले पाहिजेत हे सरकारला चांगलंच कळलं होतं. लेनिनग्राडच्या वाट्याच्या दाचा इथे उभ्या राहिल्या, पंचवीसेक. 'अकादमीशियनांचं गाव' म्हणून तो भाग आजही ओळखला जातो. युद्धाची भरपाई म्हणून फिनलंडला 30 कोटी डॉलर किमतीचा माल सोव्हिएत संघाला द्यावा लागला होता, त्यात सुट्या भागांची लाकडी घरंही होती. तशी फिनिश घरं इथल्या नव्या वसाहतीसाठी आली. विसाच्या दशकात इथली घरं सुटी होऊन फिनलंडला गेली, आणि चाळिशीच्या दशकात फिनलंडहून सुटी घरं येऊन इथे उभी राहिली.

शास्त्रज्ञांच्या मागोमाग लेखक, संगीतकार आणि नटमंडळी आली. लेखकांसाठी 'सर्जनगृह' होतं. लेखक संघाच्या सदस्यांना तिथे महिनाभर खोली आणि जेवण मिळायचं, लिहायला शांतता मिळायची. विज्ञानकथा लिहिणारे स्त्रुगात्स्की बंधू, एक मॉस्कोत राहणारा आणि एक लेनिनग्राडला, एकत्र बसून लिहायला इथे येत. नाटककार येवगेनी श्वार्त्स कोमारोवोत राहिले, संगीतकार शोस्ताकोविच यांचे कितीतरी उन्हाळे इथे गेले. 1985 च्या सुमाराला गाजलेल्या एका गाण्याने गावाचं नाव देशभर घरोघरी नेलं. आजही रशियन माणसाला कोमारोवो म्हटलं की आधी ते गाणं आठवतं. पण गावात एक छोटं हिरवं घर आहे, आणि माझ्या लेखी कोमारोवोचं मन तिथे आहे.

अन्ना अखमातोवा. जन्म 1889, ओडेसाजवळ समुद्रकाठी. विसाव्या शतकातल्या रशियन कवितेतली सगळ्यात मोठ्या नावांपैकी एक. पहिला नवरा, कवी निकोलाय गुमिल्योव, 1921 मध्ये सरकारने गोळ्या घालून मारला. मुलगा लेव याला 1935, 1938 आणि 1949 असं पुन्हा पुन्हा अटकेत टाकलं. 1946 मध्ये कम्युनिस्ट पक्षाने जाहीर ठराव करून तिची निंदा केली आणि लेखक संघातून तिला काढलं. छापून येणं बंद, म्हणजे पोट भरणंच बंद. कोरियन आणि इतर भाषांतल्या कवितांची भाषांतरं करून ती जगली. स्टालिन वारल्यावर हवा थोडी सैल झाली. 1955 मध्ये लेखकांच्या कल्याणनिधीने, रशियनमध्ये 'लितफोंद'ने, कोमारोवोतलं एक घर तिला उन्हाळ्यासाठी वापरायला दिलं. तेव्हा मुलगा अजून सक्तमजुरीच्या छावणीतच होता. तो 1956 मध्ये सुटला.

घर लहान होतं. एक राहण्याजोगी खोली, एक स्वयंपाकघर, एक व्हरांडा. ती त्याला 'बूदका' म्हणायची. बूदका म्हणजे पहारेकऱ्याची चौकी, फाटकवाल्याची खोपी. तिच्या खोलीतल्या गादीखाली पायांऐवजी विटा होत्या, असं भेटायला गेलेल्यांनी लिहून ठेवलंय. साठ वर्षं उलटलेल्या बाईला आयुष्यात पहिल्यांदा घरासारखं काहीतरी मिळालं आणि तेही मालकीचं नाही. अकादमीच्या सदस्यांना मिळालेल्या दाचा त्यांच्या नावावर झाल्या, मुलाबाळांना गेल्या. हिची फक्त वापरापुरती. एकाच गावात, काही मिनिटांच्या अंतरावर, 'दाचा' या शब्दाचे हे दोन अर्थ शेजारी राहत होते. मला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो. सोव्हिएत काळात प्रतिष्ठा आणि सुरक्षितता कशी वाटली जायची हे जाड पुस्तकांपेक्षा या दोन प्रकारच्या घरांवरून लवकर समजतं.

1962 च्या सप्टेंबरात अमेरिकन कवी रॉबर्ट फ्रॉस्ट सोव्हिएत संघाच्या दौऱ्यावर आले. अखमातोवाला भेटायचं ठरलं. ही भेट बूदकेत झाली नाही. साहित्याचे अभ्यासक मिखाईल अलेक्सेयेव हे अकादमीचे सदस्य, त्यांच्या कोमारोवोतल्याच दाच्यात मेज मांडलं गेलं. फ्रॉस्ट 88 वर्षांचे, ती 73 वर्षांची. पाहुणा तिचा होता, पण घर दुसऱ्याचं घ्यावं लागलं.

बूदकेत येणारे पाहुणे वेगळे होते. 1961 च्या उन्हाळ्यात कवी येवगेनी राइन आपल्या एका 21 वर्षांच्या मित्राला घेऊन आला. त्या मुलाने शाळा अर्धवट सोडली होती, कारखान्यात, शवागारात, भूगर्भशास्त्रज्ञांच्या मोहिमांत मिळेल ते काम केलं होतं, आणि तो कविता लिहायचा. त्याचं नाव जोसेफ ब्रोद्स्की. आपण कुणाकडे चाललोय याची त्याला तेव्हा नीटशी कल्पनाही नव्हती, असं तो पुढे सांगायचा. त्यानंतर तो येतच राहिला, पुढच्या वर्षी हिवाळ्यात त्याने कोमारोवोतच खोली घेतली. राइन, ब्रोद्स्की, नाइमान आणि बोबिशेव हे चार तरुण लाकडं फोडायचे, पाणी आणायचे, शेकोटी पेटवायचे आणि म्हातारीला कविता वाचून दाखवायचे. 1964 मध्ये ब्रोद्स्कीला 'ऐतखाऊ' ठरवून अटक झाली आणि उत्तरेत पाठवलं, तेव्हा त्याच्यासाठी धडपडणाऱ्यांत ती होती. 1987 मध्ये त्याला नोबेल मिळालं. ते बघायला ती नव्हती.

अखमातोवा 5 मार्च 1966 ला मॉस्कोजवळ वारली. लेनिनग्राडमधल्या सेंट निकोलस नौदल कॅथेड्रलमध्ये अंत्यविधी झाला, आणि 10 मार्चला तिला कोमारोवोच्या दफनभूमीत ठेवलं. मार्चमध्ये तिथे बर्फ असतो, जमीन गोठलेली असते. गावातली ओझ्योर्नाया, म्हणजे 'सरोवराची', ही सडक स्टेशनच्या बाजूने जंगलातून दफनभूमीकडे जाते आणि पुढे श्चूच्ये तळ्याला पोचते. श्चूका म्हणजे पाइक मासा, त्याचं हे तळं. उन्हाळ्यात पोहायला निघालेली सायकलवरची मुलं आणि हातात फुलं घेतलेले लोक याच एका रस्त्याने जातात.

तिची कबर जरा जवळून बघू या. कबरीमागे ओबडधोबड दगडांची एक भिंत आहे. ही भिंत लेव गुमिल्योवने, म्हणजे तुरुंगातून सुटून आलेल्या त्या मुलाने, आपल्या विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन रचली. समोर मोठा लोखंडी क्रूस, भिंतीत तिच्या चेहऱ्याचं एका बाजूने दिसणारं शिल्प. सुशोभनासाठी अशी भिंत कुणी बांधत नाही, ती तिथे का आहे हे कळायला तिची 'रेक्वियम' ही दीर्घ कविता माहीत असावी लागते. मुलगा अटकेत असताना ती 17 महिने लेनिनग्राडच्या तुरुंगाबाहेर इतर बायांबरोबर रांगेत उभी राहिली. आत पुडकं घेतलं तर मुलगा जिवंत आहे, परत केलं तर काय समजायचं ते समजायचं. त्या कवितेत ती म्हणते की या देशात कधी माझं स्मारक उभारायचं ठरवलंत, तर ते माझ्या जन्मगावच्या समुद्राशी नको, लहानपणीच्या बागेतही नको, जिथे मी तीनशे तास उभी राहिले आणि जिथलं दार माझ्यासाठी उघडलं नाही, तिथे उभारा. ही कविता कागदावर ठेवणं धोक्याचं होतं. कितीतरी वर्षं ती तिच्या मैत्रिणींच्या पाठांतरात जिवंत राहिली. आई गेल्यावर 1966 मध्ये तुरुंगासमोर स्मारक उभारणं कुणाच्या हातात नव्हतं. मुलाने मग तुरुंगाची भिंतच जंगलात आईजवळ आणून ठेवली. लेनिनग्राडमधला तो तुरुंग 'क्रेस्ती' या नावाने ओळखला जातो. नेवा नदीच्या पलीकडच्या काठावर, क्रेस्तीच्या समोर अखमातोवाचा पुतळा शेवटी 2006 च्या डिसेंबरात उभा राहिला, ती गेल्यानंतर 40 वर्षांनी.

तिच्यामुळे या साध्या गावठी दफनभूमीला वेगळंच रूप आलं. जीवाश्मशास्त्रज्ञ आणि विज्ञानकथाकार इवान येफ्रेमोव, कादंबरीकार वेरा पानोवा, रशियाच्या ईशान्य टोकाला राहणाऱ्या चुकची लोकांचा लेखक युरी रित्खेउ, प्रयोगशील संगीतकार सेर्गेई कुर्योखिन, लेनिनग्राडच्या वेढ्याबद्दल लिहिणारे दानील ग्रानिन, मेंदूवर काम करणाऱ्या नताल्या बेख्तेरेवा, भौतिकशास्त्राचं 2000 सालचं नोबेल मिळालेले झोरेस अल्फ्योरोव, सगळे पाइनखाली जवळजवळ आहेत. जुन्या रशियन साहित्याचे अभ्यासक दिमित्री लिखाचोव इथेच. ते तरुणपणी सोलोव्की बेटावरच्या छावणीत राहून आले होते, लेनिनग्राडच्या वेढ्यातून वाचले होते. जुन्या वास्तू पाडायला निघालेल्या कारभाऱ्यांशी ते आयुष्यभर भांडले. आज ही दफनभूमी युनेस्कोच्या जागतिक वारशात सेंट पीटर्सबर्गच्या ऐतिहासिक भागाबरोबर गणली जाते.

यातल्या एका कबरीपाशी मला जरा जास्त थांबायचं आहे. ओल्गा लादिझेन्स्काया, गणितज्ञ. पाणी आणि हवा कशी वाहते हे सांगणाऱ्या समीकरणांवर त्यांनी केलेलं काम आज जगभर शिकवलं जातं. त्यांचे वडील शाळेत गणित शिकवायचे. मुलीला गणिताची गोडी लावली ती त्यांनी. 1937 मध्ये त्यांना अटक करून ठार मारलं. दोन वर्षांनी ओल्गाने लेनिनग्राड विद्यापीठात अर्ज केला तेव्हा 'जनतेच्या शत्रूची मुलगी' म्हणून प्रवेश नाकारला गेला. आधी दुसरीकडे शिकून, लहान गावात शिकवून, मग मॉस्कोच्या वाटेने ती शेवटी लेनिनग्राडला पोचलीच. अखमातोवाची आणि तिची ओळख होती. व्हिबोर्गवरची एक कविता अखमातोवाने तिला अर्पण केली आहे. एकीने मुलासाठी रांगेत दिवस काढले, दुसरीने त्याच काळात बाप गमावला. दोघी आता एकाच दफनभूमीत आहेत.

कोमारोवोला जायचं असेल तर जूनच्या अखेरीस जावं, अंगभर कपडे घालून, डासांसाठी. स्टेशनवर उतरून आधी ओसिपेन्को रस्त्यावरची बूदका बघावी, मग ओझ्योर्नाया धरून दफनभूमी आणि तळं. परत येताना रूळ ओलांडून समुद्राच्या बाजूला, त्या प्राचीन कड्याच्या उतारावर उतरावं. झाडीत मधूनच शेवाळलेल्या दगडी पायऱ्या लागतात. वर घर नाही, खाली रस्ता नाही, नुसत्या पायऱ्या. सोव्हिएत संघ मोडकळीला आल्यापासून फिनलंडमधून म्हातारी माणसं बसने या संयोगभूमीवरची आपली जुनी गावं बघायला येऊ लागली. त्यांना शोधायला घर नसायचं. ती आधी दगडी जोतं शोधायची, ते सापडलं नाही तर लायलॅकचं झुडूप. माणसाने लावल्याशिवाय ते या जंगलात येत नाही, आणि एकदा लावलं की कुणी राहो न राहो, दर जूनमध्ये फुलतं.